खाऱ्या वाऱ्यातलं शिलाई मशीन

गणपतीच्या आधी वाडीतली बंद घरं उघडायला लागली की माझ्याकडे माणसं येऊ लागतात. रात्रीच्या गाडीने मुंबईहून उतरलेली, डोळ्यांवर अजून झोप. "वैनी, आईचं मशीन जाम झालंय, जरा बघता काय?" मी विचारते, ठेवलं कसं होतंत? उत्तर ठरलेलं. "अगदी नीट ठेवलं होतं हो. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरून गोधडी, वरून सुतळीने बांधून." मग काय बोलणार! असं नीट ठेवलं म्हणूनच तर ते जाम झालं.

मी राहते हर्णैच्या बाजूला, दापोली तालुक्यात. भरतीच्या वेळी रात्री लाटांचा आवाज घरात येतो इतकी खाडी-समुद्राची शेजारीण. ब्लाउज, गाऊन, फॉल-पिको, शाळेचे गणवेश आणि भाद्रपदात मखराच्या झालरी, असं माझं काम चालतं. घरात दोन मशिनं आहेत. एक सासूबाईंचं, पायाने चालवायचं सिंगर. दुसरं माझं स्वतःचं उषाचं, त्याला मी नंतर मोटर लावून घेतली. दोन्ही रोज चालतात आणि दोघांनाही अजून गंजाने हात लावलेला नाही. माझी हातचलाखी वगैरे काही नाही यात. चालतं मशीन गंजत नाही. बांधून ठेवलेलं गंजतं, आणि आमच्या किनाऱ्यावर तर फार लवकर गंजतं. आज लिहायला बसले आहे ते एवढ्याचसाठी. पण हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, कारण सांगावं लागतं.

पाऊस आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण मशीनचा खरा वैरी पाऊस नाही, पाऊस कौलांवर अडतो. वैरी आहे वाऱ्यातून येणारं मीठ. वर्षभर ते बारीक बारीक बसत असतं, खिडकीच्या गजांवर, सायकलच्या चेनवर, मशीनच्या चाकावर, आणि डोळ्यांना दिसत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे ती नव्वदीच्या आसपास असते. म्हणजे मशीनवर पावसाचा एक थेंबही पडलेला नसताना त्याच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा पापुद्रा तयार होतो. स्वयंपाकघरातली जाड्या मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते ते आठवा, तसंच. आता त्या मिठासकट, त्या दमट हवेसकट मशीन प्लास्टिकमध्ये बांधलं तर आतली ओल जाणार कुठे? दिवसा तापतं, रात्री गार पडतं, प्लास्टिकला आतून घाम येतो आणि तो घाम लोखंडावर उतरतो. बाहेर पडवीत उघडं ठेवलेलं मशीनसुद्धा याच्यापेक्षा बरं राहिलं असतं.

तेव्हा पहिलं काम, प्लास्टिक सोडा. माझ्या दोन्ही मशिनांना जुन्या सुती लुगड्याची दुपदरी खोळ आहे. सासूबाईंची नऊवारी लुगडी नेसून नेसून इतकी मऊ झाली होती की त्यांच्या गोधड्या झाल्या, दुपटी झाली, आणि उरल्याची ही खोळ. हवा खेळते, धूळ अडते. एकच काळजी, खोळीला खळ नको. खळीवर बुरशी धरते आणि कसर लागते.

दुसरं, जागा. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या घरात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, चिरा पाणी पितो. पश्चिमेची भिंत आषाढात हात लावला तर गार, ओली लागते, गिलावा असला तरी. मशीन त्या भिंतीला टेकवून ठेवलं की मागच्या बाजूने, जिकडे आपण कधी बघत नाही, तिकडून गंज चढायला सुरुवात होते. भिंतीपासून हातभर लांब, आणि शक्यतो माजघरात. आमच्या घरात सगळ्यात कोरडी जागा माजघर. पडवीत उजेड चांगला म्हणून बायका मशीन पडवीत मांडतात, मीही मांडते, पण मृगाआधी ते आत येतं. कितीही झापं, झावळ्यांचे पडदे, बांधली तरी झड आत यायची ती येतेच.

चुलीवरच्या माळ्याचा सल्लाही काही जण देतात. तिथे बी-बियाणं ठेवतात, सुकी मासळी ठेवतात, धुराने सगळं कोरडं राहतं, मग मशीन का नको? कोरडं राहतं हे खरं आहे. पण धुराबरोबर काजळी येते, ती तेलावर बसते आणि दोन्ही मिळून असा काही राप तयार होतो की तो काढण्यापेक्षा गंज काढणं सोपं. मी असं एक मशीन उघडलं आहे. नको.

पूर्वी कपाटात रात्रंदिवस एक बल्ब पेटता ठेवायची रीत होती. पैठण्या, फोटोंचे अल्बम, कागदपत्रं यांना बुरशी येऊ नये म्हणून. काचेच्या आत तार लाल होणारा तो जुना बल्ब, त्याची बरीचशी वीज उष्णतेतच जायची. वीजबिलाच्या दृष्टीने तोट्याचा, पण आमच्या पावसाळ्याला उपयोगी. आत चार अंश ऊब आली की हवा कोरडी व्हायची. मशीनच्या टेबलाखाली, स्टँडच्या आत असा एक बल्ब सासूबाई लावून ठेवायच्या. आता एलईडी आले, उजेड पडतो पण ऊब येत नाही. एलईडी लावून "बल्ब तर चालूच होता" म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. जुना बल्ब कुठे मिळाला तर बघा, पण कापडापासून लांब आणि तारा धड आहेत ना हे बघूनच लावा. नाहीतर खणात कोळसा ठेवा. साधा लाकडी कोळसा, सुती पिशवीत बांधून. पावसाने उघडीप दिली की पिशवी उन्हात टाकायची, की कोळसा परत ओल ओढायला तयार.

आता तेल. यावर माझं आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांचं कायम वाजतं. खोबरेल घरचं, शुद्ध, डोक्याला चालतं, दिव्याला चालतं, कुलपाला चालतं, मग मशीनला का नाही? तर खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. पौष-माघात पहाटे दापोलीत किती गार असतं ते दापोलीकरांना विचारा. थिजलेल्या तेलाचं मशीन जड चालतं, आपल्याला वाटतं तेल कमी पडलं, आपण आणखी घालतो. वर ते धूळ आणि तूस धरतं आणि त्याचा चिकटा होतो. शेंगदाण्याचं आणि तिळाचं तेल तर आणखी वाईट, ते वाळून लाखेसारखं घट्ट बसतं. मशीनचं तेल म्हणजे खनिज तेल, पाण्यासारखं पातळ, रंग नाही, वास जवळजवळ नाही. शिलाईचं सामान मिळतं त्या कुठल्याही दुकानात छोट्या बाटलीत मिळतं. स्वस्त आहे. यात काटकसर नको. गाडीचं इंजिन ऑइल फार जाड, तेही नको. आणि डब्ल्यूडी-४०चा फवारा मारून काम झालं असं समजणाऱ्यांसाठी: त्याने जाम सुटतो, बरोबर आहे. पण ते वंगण म्हणून टिकत नाही. जाम सुटल्यावर पुसून काढून मशीनचं तेल घालावंच लागतं.

तेल घालायची माझी वेळ आगोटीची. मे अखेर पापड, मिरच्या, सांडगे आत घेतले, लाकडं भरली, झापं बांधली की मशीनचा दिवस. वरची सगळी भोकं, प्रत्येकाला एक थेंब, फार तर दोन. मुंडीची पट्टी उघडून सुईचा दांडा वर-खाली होतो तिथे एक थेंब. मग मशीन मागे कलंडवून खाली जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे. स्टँडच्या चाकाचा कणा आणि पायाच्या पेडलपासून चाकाला जाणारी दांडी, तिची दोन्ही टोकं. हे खालचं सगळे विसरतात आणि मग "पाय दुखतात" म्हणून मोटर लावतात. तेल घातलं की दोरा न घालता मशीन थोडा वेळ नुसतं चालवायचं, सुईखाली जुन्या चिंधीची घडी धरून. आधी चिंधीवर काळं उतरतं, मग तपकिरी, मग स्वच्छ. स्वच्छ उतरायला लागलं की थांबायचं. नंतर बाहेरून, चाक, दांडा, कापड दाबून धरणारा दाब, प्लेट, सगळ्या चकचकीत भागांवर तेलाचं फडकं फिरवायचं. हा तेलाचा हात म्हणजे मिठाच्या आणि लोखंडाच्या मध्ये घातलेला पडदा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तो परत फिरवावा लागतो.

एक इशारा, मशीनवरच्या सोनेरी वेलबुट्टीला स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर लावू नका. जुन्या सिंगरवर त्या नक्षीवर लाखेचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो. करोनाच्या दिवसांत लोकांनी दिसेल ते सॅनिटायझरने पुसलं, त्यात किती मशिनांची नावं पुसली गेली असतील कोण जाणे. पाण्यात पिळलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं, मग तेलाचा हात. बास.

सासूबाईंच्या मशीनच्या बुडाशी कोरलेला नंबर 'ई'ने सुरू होतो. त्याच्यावरून कळतं की ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात झालेलं. तो कारखाना १९८० साली बंद झाला. मशीन अजून हर्णैत ब्लाउजला टिपा मारतंय.

तेल घालणं जमतं सगळ्यांना. जे कुणी करत नाही ते म्हणजे शटल, सुईखालचा दोरा उचलणारा भाग, उघडणं. भीती वाटते, परत बसलं नाही तर? बसतं. जुन्या काळ्या मशिनांत, उषा काय, सिंगरचं १५ नंबरचं काय, रचना एकच आहे. सुई सगळ्यात वर न्यायची. दोरा काढायचा. डावीकडची सरकती पट्टी ओढली की बॉबिनची डबी दिसते, तिची छोटी जीभ ओढून डबी बाहेर. मग दिसतं गोल कडं, दोन बाजूंना दोन खिट्ट्या. खिट्ट्या बाहेरच्या अंगाला फिरवल्या की कडं हातात येतं, आणि मधली खुंटी चिमटीत धरली की शटल. तीन तुकडे, एवढंच.

पहिल्यांदा उघडणाऱ्याला आतला ऐवज बघून धक्का बसतो. तूस दाबून दाबून नमद्यासारखं झालेलं असतं. मला ते चिमट्याने अख्खं काढायला आवडतं, कारण त्यात थर असतात. खाली जूनमधल्या गणवेशांचा निळा, वर अस्तराचा पांढरा, त्यावर लग्नसराईचा लाल-हिरवा. कोणत्या महिन्यात काय शिवलं ते त्यात वाचता येतं. पण हे तूस तेल पितं आणि ओल धरून ठेवतं. कापड पुढे सरकवणारे जे दाते असतात, त्यांच्या मुळाशी गंज नेहमी या तुसाखाली धरतो. वरची प्लेट दोन स्क्रूंनी काढा आणि बघा. जुना दात घासायचा ब्रश घ्या, अवघड जागी बांबूची काडी. पिन किंवा सुई खुपसू नका, चरे पडतात. तोंडाने फुंकरही नको, फुंकरीत ओल असते.

सगळं स्वच्छ झालं की शटलच्या टोकावरून नख फिरवायचं. हे टोक सुईतून दोरा उचलतं. तिथे गंजाचा एवढासा ठिपका जरी खरखरला तरी दोरा तुटत राहतो आणि माणसं टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायचा, स्क्रू पिळत बसतात. स्क्रूचा काही गुन्हा नसतो. ठिपका हलका असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने, टोकाची धार न घालवता, एक-दोनदा पुसायचा. जास्त असेल तर शटल नवीन, ते सुटं मिळतं. शटल ज्या गोल वाटेत फिरतं तिथे तेलाचा एक थेंब, आणि उलट्या क्रमाने सगळं परत. पायाने चालवायच्या आधी चाक हाताने स्वतःकडे एक पूर्ण फेरा फिरवून बघा. अडलं तर जोर करू नका, शटल उलटं बसलंय, काढा आणि परत बसवा.

पूर्ण जाम झालेल्या मशीनला रॉकेल. प्रत्येक भोकात थोडं थोडं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी चाक हलकेच मागे-पुढे. पूर्ण फिरवायचा हट्ट नको, एक बोट हललं तरी सुटायला लागलं समजा. ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलं तर आणखी लवकर सुटतं. सुटल्यावर रॉकेल पुसून काढून तेल. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा हे सोपं होतं, आता एका बाटलीसाठी कुणाकुणाला विचारावं लागतं. पण म्हणून त्याच्याऐवजी पेट्रोल वापरू नका. घरात चूल असते, देवापुढे दिवा असतो.

पायाच्या मशीनचा चामड्याचा पट्टा पावसाळ्यात ओलीने सैल पडतो आणि चाकावर घसरतो. लगेच कापू नका, दिवाळीनंतर तोच आखडतो. फारच घसरत असेल तर पिन उघडून गव्हाएवढा तुकडा कमी करा. मशीन बंद ठेवणार असाल तर पट्टा काढून खुंटीला टांगा, कारण उंदरांना तो अतिशय प्रिय आहे. वाळवीसाठी स्टँडच्या पायांखाली फुटक्या लादीचे तुकडे द्या, म्हणजे पाय ओल्या जमिनीपासूनही सुटतात. खिडक्यांच्या गजांना रंग द्याल तेव्हा उरलेला स्टँडला फासा. आणि कुंभारीण! ही माशी एक नंबरची चिकाटीची. मे महिन्यात तिला अंडी घालायला भोक हवं असतं आणि मशीनची तेलाची भोकं जणू तिच्यासाठीच केलेली. चिखलाने भोक लिंपून टाकते. तेल घालायला गेलं की तेल वरूनच ओघळतं आणि आपल्याला कळत नाही आत काही गेलंच नाही ते. प्रत्येक भोकात आधी काडी घालून बघायची सवय ठेवा.

सुया. नवीन सुयांचं पाकीट कागदाचं असतं, ते ओल ओढतं. मी पाकिटं झाकण घट्ट असलेल्या छोट्या डबीत ठेवते. वापरातल्या सुयांसाठी सासूबाईंची गादी आहे, आत गुंतवळ भरलेलं. विंचरून निघालेले केस बायका त्या काळी बोहारणीला द्यायच्या, सासूबाईंनी त्यातले राखून ही गादी भरली. केसांना मुळातलं तेल असतं, सुई खुपसली की तिला तेलाचा हात आपोआप लागतो. कापूस भरलेल्या गादीत सुया गंजतात, यात नाही. माझी मुलगी या गादीला हात लावत नाही, "ई" म्हणते. म्हणो. सुई बदलताना एवढं बघा: सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने ओवायचा, आणि सपाट बाजू शटलच्या टोकाकडे. उलटी बसली तर टीप सुटते. साध्या कामाला १४ किंवा १६ नंबर, रेशमी आणि तलम कापडाला ११. सुती दोऱ्याची रिळं ओलीने कुजतात, ती पत्र्याच्या डब्यात ठेवा. पॉलिएस्टरच्या दोऱ्याला काही होत नाही.

आता बंद घरांचं. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर वाडीतल्या कितीतरी घरांना कुलूप. त्यातल्या काहींच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, तुळशीला पाणी घालायला, कौल फुटलंय का बघायला. तेव्हा जाता जाता मशीनची खोळ काढते, चाक हाताने थोडे फेरे फिरवते, फडकं मारते. दुसरं काही करत नाही. तेल हळूहळू खाली ओघळतं आणि वरचे भाग कोरडे पडतात, फेरे मारले की ते परत सगळीकडे पसरतं. कुणी किल्ली देऊन जाणारं असेल तर शेजारणीला एवढंच सांगून जा. तिला शिवता आलं नाही तरी चालतं. आणि कुणी नसेलच, तर दोरा पूर्ण काढून, टेन्शनच्या चकत्यांमध्ये काही अडकलेलं नाही बघून, दाबाखाली तेलाची चिंधी ठेवून, चकचकीत भागांवर तेल जरा सढळ लावून, सुती खोळ घालून जा.

नवीन मशिनांची कथा वेगळीच. २०२३च्या सप्टेंबरात पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. अशा योजनांमधून घरोघरी मशिनं आली, चांगलं झालं. पण काही घरांत ती अजून थर्माकोलमध्ये आहेत. "मुलीच्या लग्नात देऊ, नवीन राहील." थर्माकोलमध्ये नवीन राहत नाही बाई, काढ आणि शिव.

मोटरवाल्यांसाठी थोडं. मोटरमध्ये तेल घालायचं नाही, कुठेही. काम झालं की प्लग काढायचा, नुसता खटका बंद करून भागत नाही. मेच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा कशा पडतात ते माहीत आहेच. आत प्लास्टिकची दातेरी चाकं असलेली नवी झिगझॅग मशिनं घेतलीत तर त्यांचं पुस्तक वाचा, काहींमध्ये आतून तेल घालायला बंदीच असते.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडचीही दाणादाण उडाली. आमची अर्धी कौलं गेली, माजघरात पाऊस. कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा पायाचं मशीन कामाला आलं, आधी ताडपत्र्या शिवायला. भिजलेलं मशीन लगेच पुसून रॉकेल-तेल केलं तर काही होत नाही, हे तेव्हा सगळ्यांनी बघितलं. पुराचं पाणी मात्र वेगळं.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. माझी नणंद तिथे राहते, तळमजल्याला. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा तिचं मशीन उभंच होतं, पण चिखलाचं. जिथे हात लावावा तिथे मऊ, बारीक, लोण्यासारखा गाळ. शेजारी कुणीतरी भल्या बुद्धीने आपल्या मशीनवर तेलाची बाटली ओतत होता. तिथेच थांबवलं त्याला. गाळात रेती असते, तेलात मिसळली की तिचा पॉलिशचा लगदा होतो आणि चाक फिरवलं की प्रत्येक सांधा झिजतो. आधी पाणी. चाक अजिबात न फिरवता स्वच्छ पाण्याने, मगाने ओतून ओतून, गाळ ओला असतानाच धुऊन काढायचा, वाळला की सिमेंट होतं. पाण्याचे टँकर येत होते तेव्हा, त्यातलं थोडं पाणी मशीनवर खर्च करताना नणंदेच्या जिवावर आलं होतं. दोन स्क्रू सोडवून हेड टेबलावरून उतरवलं, उलटं धरून धुतलं, शटल-कडं-दाते सगळं सुटं करून बादलीत. मग फडक्याने टिपून, प्रत्येक भोकात रॉकेल, निथळू द्यायचं, परत रॉकेल. खाली येणारं रॉकेल मातकट यायचं थांबेपर्यंत हेच. तेल त्यानंतर. हेड वाचलं. मोटर नाही वाचली, आणि ती सुकवून परत लावायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. विजेशी खेळ नको.

टेबल प्लायचं होतं, त्याचे थर पाण्याने सुटून पुस्तकाच्या पानांसारखे उघडले. सुताराने फणसाची फळी घालून नवीन केलं, वजनाला दणकट, पण हेड बसायचं भोक दोन सूत डावीकडे कापलं. त्यामुळे ब्लाउजची बाही फिरवताना कोपर स्टँडला लागतं. नणंद म्हणते, सवय झाली आता. मी गेले की मला दरवेळी लागतं.